कार्ड खिशात, नाव यादीत नाही

हा एपिसोड माझ्या एका फजितीवरून सुचलाय. ज्यांना ऐकायला वेळ नाही त्यांच्यासाठी हा लेखी भाग, आणि रेकॉर्डिंगमध्ये घाईत जे सुटलं तेही इथं भरून काढलंय.

७ मे २०२४, मंगळवार. लोकसभेचं मतदान. आदल्या रात्री मी ऑफिस संपवून स्वारगेटवरून एसटी पकडली आणि पहाटे गावी पोचलो. सकाळी साडेसातला आम्ही चौघं मराठी शाळेतल्या बूथवर गेलो. पप्पांचं मतदान कार्ड घर रंगवताना कुठंतरी गेलेलं, म्हणून त्यांच्या खिशात पॅन कार्ड. आईकडे आधार. आजीकडे तिचं जुनं काळं-पांढरं कार्ड, फोटोत कोण आहे ते तिचं तिलाच माहीत. आणि माझ्याकडे एकदम चकाचक रंगीत कार्ड, अठराव्या वर्षी काढलेलं, दरवेळी जपून ठेवलेलं.

तिघं आत गेले, शाई लावून बाहेर आले. मी तसाच बाहेर आलो. टेबलावरच्या सरांनी यादी दोनदा वरून खाली बघितली आणि म्हणाले, "कार्ड बरोबर आहे हो तुमचं. पण यादीत नाव नाही."

मी कार्ड पुढं केलं, नंबर वाचून दाखवला, शेवटी आवाजही थोडा चढवला. उपयोग शून्य. आणि खरं सांगायचं तर ते सर बरोबर होते, चुकीचा मी होतो. ज्याच्याकडे कार्डच नव्हतं त्या माणसाने मत दिलं आणि ज्याच्याकडे होतं तो पुरीभाजी खाऊन पुण्याला परत गेला. हे असं का होतं, तेवढंच आज सांगायचंय.

दोन वेगळे प्रश्न

आपल्यातल्या आयटीवाल्यांना हे एका वाक्यात कळेल. ऑथेंटिकेशन वेगळं आणि ऑथोरायझेशन वेगळं. बाकीच्यांसाठी: ऑफिसच्या गेटवर गळ्यातलं आयडी दाखवलं की सिक्युरिटीवाल्याला तुम्ही कोण ते कळतं. पण सर्व्हर रूमचं दार उघडायचं की नाही हे तुमचं नाव त्या दाराच्या लिस्टमध्ये आहे का त्यावर ठरतं. आयडी कितीही खरं असलं तरी लिस्टमध्ये नाव नसेल तर दार उघडत नाही.

बूथवर अगदी हेच घडतं. पहिला प्रश्न, या भागाच्या मतदार यादीत हे नाव आहे का? दुसरा, समोर उभा आहे तो तोच माणूस आहे का? मतदानाचा हक्क पहिल्या प्रश्नातून येतो. कार्ड फक्त दुसऱ्याचं उत्तर देतं, आणि त्या उत्तराला पर्यायही भरपूर आहेत. यादीला पर्याय नाही.

हे फोटोचं कार्ड तसं उशिरा आलं, १९९३ मध्ये, टी. एन. शेषन मुख्य निवडणूक आयुक्त असताना. त्याच्या आधी चाळीस वर्षं देश यादीवरच मतदान करत होता. पण आपण कार्डाला लॅमिनेशन करतो, कपाटात ठेवतो, सिम कार्ड घ्यायला झेरॉक्स देतो, आणि यादी काय चीज आहे ते बघतही नाही. यादी मात्र बदलत असते. लोक अठरा वर्षांचे होतात, घरं बदलतात, मरतात, आणि त्याप्रमाणे नावं येतात आणि जातात.

माझं नाव कुठं गेलं?

हे मला पंधरा दिवसांनी कळलं. घरोघरी पडताळणीला बीएलओ आल्या होत्या. बीएलओ म्हणजे बूथ लेव्हल ऑफिसर, बहुतेक वेळा शाळेतले शिक्षक नाहीतर अंगणवाडी सेविका, आपलं रोजचं काम सांभाळून हे करतात. घरी एकटी आजी होती. त्यांनी विचारलं, नातू इथंच असतो का? आजी म्हणाली, "कुठला इथं, तो पुण्यालाच असतो की. दिवाळीला येतोय दोन दिस."

तिने तक्रार केली होती. कागदावर ती 'स्थलांतरित' अशी उतरली.

आता कायद्यात काय आहे बघा. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५० नुसार नाव तिथं लागतं जिथं तुम्ही 'सर्वसाधारणपणे राहता'. गावात घर आपल्या मालकीचं आहे, एवढ्यावर तुम्ही तिथले मतदार ठरत नाही, हे कायद्यात स्पष्ट लिहिलंय. उलट, चार दिवस बाहेर गेलात म्हणून नावही जात नाही. मी पाच वर्षं वाकडला राहत होतो, पुण्याचं पाणी पीत होतो, इथल्या खड्ड्यांना शिव्या देत होतो. मी गावचा मतदार होतो तो फक्त मनाने.

पण याच कायद्यात अजून एक गोष्ट आहे. 'इथं राहत नाही' म्हणून नाव काढायचं असेल तर आधी त्या माणसाला म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते. म्हणजे नोटीस. ती आली होती. लाईट बिलांच्या गठ्ठ्यात होती. आई म्हणाली, तुझ्या नावाचं काहीतरी आलंय म्हणून ठेवलं होतं, बँकेचं असेल वाटलं. तुमचं नाव ज्या पत्त्यावर आहे आणि तुम्ही ज्या पत्त्यावर नाही, तिथल्या लोकांना आजच सांगून ठेवा की असं पाकीट आलं तर व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवायचा.

कुठला फॉर्म?

इथं सगळ्यात जास्त गोंधळ होतो. पहिल्यांदाच नाव लावायचं असेल तर फॉर्म ६. नाव कुठंतरी आहे आणि फक्त पत्ता बदलायचाय, तर फॉर्म ८. नावातली चूक, जन्मतारीख, फोटो, हरवलेलं कार्ड, हे सगळंसुद्धा फॉर्म ८. कुणाचं नाव काढायचं असेल तर फॉर्म ७. आधार जोडायचं असेल तर ६ब, आणि ते ऐच्छिक आहे.

पत्ता बदलताना लोक फॉर्म ६ भरतात, कारण लिंक फॉरवर्ड करणाऱ्याने तोच दिलेला असतो. मग दोन ठिकाणी नाव होतं. दोन मतदारसंघांत नाव असणं कायद्याला मान्य नाही, आणि फॉर्मवर तर तुम्ही सही करून सांगितलेलं असतं की माझं नाव दुसरीकडे नाही. खोटं लिहून दिलं तर एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. फॉर्म ८ भरला की जुन्या ठिकाणचं नाव निघतं, नव्या ठिकाणी लागतं, आणि कार्डाचा नंबर तोच राहतो.

"अरे पण मी इथल्या इथंच शिफ्ट झालोय" असं म्हणू नका. माझा फ्लॅटमेट हिंजवडीतून वाकडला आला. रिक्षाचं अंतर. पण हिंजवडी भोर विधानसभेत आणि बारामती लोकसभेत, वाकड चिंचवड विधानसभेत आणि मावळ लोकसभेत. २०२४ ला बारामतीचं मतदान ७ मेला आणि मावळचं १३ मेला. तो १३ तारखेला आरामात उठून निघाला, तोवर त्याच्या बूथचं मतदान होऊन सहा दिवस झाले होते.

माझं नाव मात्र कुठंच नव्हतं, म्हणून मला परत फॉर्म ६. voters.eci.gov.in लिहायचं म्हणजे आपल्या लिपीत 'व्होटर्स डॉट ईसीआय डॉट जीओव्ही डॉट इन', तिथं मोबाईल नंबरने लॉगिन होतं. नाहीतर व्होटर हेल्पलाईन अ‍ॅप तेव्हा होतं, आणि कंटाळा आला तर १९५० वर फोन.

कागद दोन प्रकारचे. वयाचा पुरावा: जन्मदाखला, दहावी-बारावीचं प्रमाणपत्र, पॅन, लायसन्स, पासपोर्ट, आधार, यातलं एक. पत्त्याचा पुरावा: लाईट, पाणी किंवा गॅसचं बिल, बँक पासबुक, पासपोर्ट, आधार, किंवा भाडेकरार. भाडेकरार रजिस्टर्ड लागतो, नुसता स्टॅम्प पेपरवर नोटरी केलेला नाही. महाराष्ट्रात अकरा महिन्यांचा ऑनलाईन लीव्ह अँड लायसन्स करतो ना आपण, तो चालतो. हॉस्टेलवर राहणारे विद्यार्थी हॉस्टेलच्या पत्त्यावर किंवा घरच्या, दोन्हीपैकी एका ठिकाणी नाव लावू शकतात. आणि ज्याला घरच नाही, फुटपाथवर झोपतो, त्याच्याकडून पत्त्याचा कागद मागत नाहीत. बीएलओ रात्री जाऊन तो माणूस खरंच तिथं झोपतो का ते बघतात. मला हा नियम कळला तेव्हा थोडं थांबायला झालं. त्याच्यासाठी कुणीतरी रात्री बाहेर पडतं, आणि मला वायफाय असून फॉर्म भरायला पाच वर्षं लागली.

आधार द्यायलाच पाहिजे का? फॉर्ममध्ये नंबरची जागा आहे, आणि आधार नसल्याचं सांगायचीही जागा आहे. योग्य कारणाने आधार देता आलं नाही म्हणून अर्ज नाकारायचा नाही, हे कायद्यातच आहे.

एक आपल्या भाषेचा घोळ. फॉर्म भरताना इंग्रजीत नाव टाइप केलं की साईट स्वतःच मराठी करते. तिथं 'काळे' हमखास 'काले' होतात, 'माने' कधी 'मने'. त्या मशीनला ळ आणि ल मधला फरक कळत नाही. मी कोड लिहून पोट भरतो, त्यामुळे हे कसं होतं ते मला माहीत आहे आणि म्हणूनच सांगतो, मराठी रकाना हाताने तपासा. पुढं यादीत नाव शोधायला गेलात की हेच आडवं येतं. म्हणून नावाने शोधू नका, कार्डाच्या नंबरने शोधा. तीन इंग्रजी अक्षरं आणि सात आकडे. स्पेलिंगची भानगडच नाही.

फॉर्म गेला की बीएलओ पडताळणीला येतात. मला एका नंबरवरून दोनदा फोन आला, मी पर्सनल लोनवाला समजून कट केला. तिसऱ्यांदा उचलला तर पलीकडून एक बाई, "अहो, मी शाळा सुटल्यावर तुमच्या सोसायटीच्या गेटवर उभी आहे." त्या काळात अनोळखी फोन उचला.

कधीपर्यंत?

१८ वर्षं पूर्ण हवीत. पूर्वी ती १ जानेवारीला मोजायचे, म्हणजे २ जानेवारीचा वाढदिवस असला की वर्ष वाया. २०२२ पासून वर्षात चार तारखा आहेत: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर. सतरा पूर्ण झाले की आगाऊ अर्जही करता येतो.

पण खरी अडचण तारखेची वेगळीच आहे. उमेदवारी अर्ज भरायचा शेवटचा दिवस गेला की त्या निवडणुकीसाठी यादी बंद. आणि प्रत्येक अर्जावर हरकतींसाठी सात दिवस ठेवावे लागतात, म्हणून त्याच्याही बऱ्याच आधी अर्ज आत पाहिजे. २०२४ च्या विधानसभेला मतदान २० नोव्हेंबरला होतं, पण उमेदवारी अर्जाचा शेवटचा दिवस होता २९ ऑक्टोबर. लोकांना यादी आठवते ती प्रचाराचे भोंगे सुरू झाल्यावर. तोवर दार लागलेलं असतं.

महापालिका, जिल्हा परिषदेचं तर आणखी वेगळं. त्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो, पण यादी विधानसभेचीच, एका ठरावीक दिवसाची, प्रभागांप्रमाणे तोडलेली. १५ जानेवारी २०२६ ला महापालिकांचं मतदान झालं ते १ जुलै २०२५ च्या यादीवर. म्हणजे दिवाळीत नाव लावलेल्याला त्यात स्थान नव्हतं.

बूथवर ओळख

यादीत नाव आहे, कार्ड हरवलंय. काही बिघडत नाही. आधार, पॅन, लायसन्स, पासपोर्ट, फोटो असलेलं बँक किंवा पोस्टाचं पासबुक, मनरेगाचं जॉब कार्ड, फोटो असलेली पेन्शनची कागदपत्रं, सरकारी किंवा सार्वजनिक कंपनीचं ओळखपत्र, दिव्यांगांचं यूडीआयडी कार्ड. २०२४ ला असे बारा पर्याय होते. कार्डावर एखादं अक्षर चुकलंय पण माणूस ओळखू येतो, तर ती चूक सोडून द्यायची अशा सूचना असतात. कार्ड दुसऱ्या मतदारसंघात काढलेलं असलं तरी चालतं, नाव इथल्या यादीत हवं. घरी येते ती मतदार माहिती चिठ्ठी मात्र ओळखपत्र नाही. त्यावर भाग क्रमांक आणि अनुक्रमांक असतो, तो शोधायला बरा.

आता तुम्ही म्हणाल, डिजिलॉकर आहे की. मीही म्हणालो होतो. पण बूथमध्ये मोबाईल नेता येत नाही. हे मुंबई उच्च न्यायालयातही गेलं होतं, नोव्हेंबर २०२४ मध्ये, मतदानाच्या दोन दिवस आधी. मोबाईल नेऊ द्या, डिजिलॉकर दाखवू द्या, अशी मागणी होती आणि ती फेटाळली गेली. म्हणून आपल्यासारख्यांनी, ज्यांच्या पाकिटात एक कागद नसतो, त्यांनी त्या दिवशी प्लास्टिकचं कार्ड घ्यायचं. २०२१ पासून ई-कार्डाची पीडीएफ मिळते, तिचीही प्रिंट काढून न्यायची.

आणि तो फॉरवर्ड. दर निवडणुकीला येतो. "यादीत नाव नसेल तर आधार दाखवा आणि कलम ४९अ खाली 'चॅलेंज व्होट' मागा." मला ७ मेला बूथबाहेर उभ्या उभ्या तीन जणांनी तो पाठवला. साफ खोटं आहे. चॅलेंज म्हणजे उलटंच: बसलेला पोलिंग एजंट तुमच्या ओळखीवर शंका घेतो, त्यासाठी दोन रुपये भरतो आणि केंद्राध्यक्ष तिथंच चौकशी करतात. यादीत नाव नसलेल्याचा त्याच्याशी काही संबंध नाही.

त्याच फॉरवर्डमधलं 'टेंडर व्होट' मात्र खरं आहे. तुमचं नाव यादीत आहे, तुम्ही गेलात, आणि कळलं की तुमच्या नावाने कुणीतरी आधीच मत देऊन गेलंय. तेव्हा परत फिरायचं नाही. नियम ४९पी सांगायचा. ओळख पटली की तुम्हाला कागदी मतपत्रिका मिळते आणि ती वेगळ्या पाकिटात बंद होते. विजयचा 'सरकार' नावाचा तमिळ सिनेमा यावरच होता. ही मतं नेहमीच्या मोजणीत धरत नाहीत, पण प्रकरण कोर्टात गेलं तर ती कामाला येऊ शकतात. २००८ मध्ये राजस्थानात नाथद्वाराला सी. पी. जोशी एका मताने हरले, तेव्हा त्या खटल्यात टेंडर मतांचा मुद्दा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता.

गोव्यातल्या आणि बाहेरच्या राज्यांतल्या श्रोत्यांसाठी थोडं. २०२५ मध्ये आयोगाने यादीचं विशेष सखोल पुनरीक्षण सुरू केलं, आधी बिहार, मग ४ नोव्हेंबरपासून बारा राज्यं आणि केंद्रशासित प्रदेश. त्यात गोवा होता, महाराष्ट्र नव्हता. यात नाव आधीपासून असलेल्यानेही फॉर्म भरून, सही करून परत द्यायचा होता. बिहारच्या प्रारूप यादीत सुमारे ६५ लाख नावं नव्हती, आणि ती कारणांसह जाहीर करा असं सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं. त्यामुळे 'माझं नाव आहेच' हे वाक्य तारीख लावल्याशिवाय बोलू नका. परदेशातल्यांनी तिथलं नागरिकत्व घेतलेलं नसेल तर फॉर्म ६अ. मत मात्र इथं येऊन, मूळ पासपोर्ट दाखवूनच.

माझं नाव त्या पावसाळ्यात चिंचवडच्या यादीत लागलं आणि २० नोव्हेंबरला मी मत दिलं. पण त्याआधी, मेमध्येच, माझं नाव शोधायला मी गावच्या यादीची पीडीएफ उतरवली होती. आमचा घर क्रमांक सापडला. पप्पा, आई, आजी. मी नाही. आणि आजीच्या वर आजोबा. ते २०२१ मध्ये गेले.

फॉर्म ७ त्याच मतदारसंघातल्या मतदाराने भरावा लागतो, म्हणून तो पप्पांच्या नावाने भरला, मृत्यूचा दाखला जोडला. आजी म्हणाली, "राहू दे की, कुणाचं काय खातंय ते नाव." मी तिला समजावलं की त्या नावावर उद्या कुणीतरी मत देऊन जाईल. तिला ते पटलं. फक्त काढायच्या आधी त्या पानाची प्रिंट काढून दे म्हणाली. दिली.